काविळीच्या औषधाचं घर

रविवारी सकाळचे सहा वाजले की मला मागच्या खोलीत नेऊन बसवत. दाराला बाहेरून कडी घालत नसत, त्यामुळे कोंडत असं म्हणता येणार नाही. पण मी बाहेर यायचं नाही हे ठरलेलं होतं. बनशंकरीतलं आमचं घर काविळीच्या औषधासाठी प्रसिद्ध होतं. फाटकापासून कोपऱ्यावरच्या भाजीवाल्यापर्यंत माणसांची रांग लागायची, प्रत्येकाच्या हातात एक नारळ. आणि ज्या घरात साऱ्या बंगळूरची कावीळ उतरवतात त्याच घरात बारा वर्षांची एक पिवळीधमक पोर बसली आहे, हे त्या रांगेला दिसता कामा नये. दिव्याखाली अंधार म्हणतात ना, तो अंधार म्हणजे मी. खिडकीचा पडदा ओढलेला असायचा आणि पडद्यापलीकडून एकामागून एक शिंका ऐकू यायच्या, म्हाताऱ्यांच्या, बायकांच्या, तान्ह्या पोरांच्या. मी त्या मोजत बसायची.

हे सगळं लिहिण्याइतकी मी म्हातारी झालेली नाही, हे मला कळतं. पण जिला तेरावं वर्ष लागेल की नाही याचीच खात्री नव्हती, तिला तिशी ओलांडल्यावर म्हातारपणाचे सगळे हक्क मिळायला हवेत: आठवणी लिहिण्याचा, आणि जुन्या गोष्टींवरून अजूनही चिडण्याचा. मी दोन्ही वापरणार आहे. माझ्या यकृतातून पित्त बाहेर नेणाऱ्या नळ्या जन्मतःच धड नव्हत्या. तान्ही असताना एक ऑपरेशन झालं, त्याच्यावर अकरा वर्षं निघाली आणि मग यकृतानं हात टेकले. पोटात पाणी साठायला लागलं, अंगाला रात्रंदिवस खाज, डोळे हळदीत बुडवून काढल्यासारखे. कावीळ झालेल्याला सगळं पिवळं दिसतं असं लोक म्हणतात. साफ खोटं आहे. मला सगळं नीट, जसंच्या तसं दिसत होतं, आणि खरी तक्रार तीच आहे.

औषध द्यायची ती अक्का. अक्का म्हणजे माझी आत्या, अप्पांची थोरली बहीण. पण आमच्यासारख्या तीनशे वर्षं इथं मुरलेल्या मराठी घरात आत्या हा शब्द कधीच मागे पडला होता. थोरली म्हणजे अक्का, लहानांनाही आणि मोठ्यांनाही. तिनं लग्न केलं नाही. आईवडील गेले तेव्हा अप्पा शाळेत होते. त्यांना तिनंच वाढवलं, शिकवलं. ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती आणि तिथला आवाज तिनं निवृत्तीनंतरही घरात वापरला: स्वच्छ, ठाम, समोरच्याला मध्ये बोलायला जागा न ठेवणारा. औषध तिला तिच्या वडिलांकडून आलं, त्यांना त्यांच्या वडिलांकडून. देवडांगरीचं वाळकं, काटेरी फळ भिजत पडायचं आणि त्या पाण्याचे थेंब रोग्याच्या नाकपुड्यांत जायचे. माणूस शिंकून शिंकून बेजार व्हायचा, आणि त्याच्या नाकातून संध्याकाळपर्यंत पिवळं पाणी गळायचं. ‘बघा, उतरली,’ असं अक्का म्हणाली की ते पिवळं पाणी बघून शंका घ्यायची कोणाची छाती व्हायची नाही. आज मला ठाऊक आहे की ते तिखट पाणी कोणाच्याही नाकात घातलं तरी नाक आतून सोलवटतं आणि पिवळंच गळतं. साधी कावीळ तर बहुतेकदा आपली आपणच बरी होते. पण बरा झालेला माणूस पुढच्या रविवारी नारळ घेऊन यायचा आणि बरा न झालेला यायचा नाही. त्यामुळे अक्काच्या हाताला यश आहे हे आमच्या अंगणात दर आठवड्याला सिद्ध होत होतं.

औषधाचे दोन नियम होते. एक, पैसे घ्यायचे नाहीत, नारळ चालेल. दुसरा, औषध घेतल्याचं कोणाला बोलायचं नाही. बोललं की गुण गेला. रांगेतल्या प्रत्येकाला अक्का हे कन्नडात आणि मराठीत बजावून सांगायची, आणि लोक तोंडावर बोट ठेवून, नाक पुसत, मान खाली घालून निघून जायचे. पहिल्या नियमामुळे आमच्या घरात नारळांचा ढीग असायचा. सोमवारी नारळभात, मंगळवारी कोसंबरीवर खोबरं, बुधवारी चटणी, गुरुवारी बर्फी, आणि तरी शुक्रवारी विळीवर खवण्याचा खर्रखर्र आवाज यायचाच. माझ्या वाट्याला यातलं फारसं काही यायचं नाही. पोटातल्या पाण्यामुळे मला मीठ बंद होतं. आई माझ्यासाठी वेगळ्या भांड्यात बिनमिठाचं सारु, म्हणजे डाळीचं पातळ सार, करायची, त्यात लिंबू पिळायची, कोथिंबीर चुरडून टाकायची आणि स्वतःही तेच जेवायची. मी म्हणायची, तू कशाला? ती म्हणायची, ‘मला असंच आवडतंय की.’ बिनमिठाचं सारु जगात कोणाला आवडत नाही, हे तेव्हाही मला कळत होतं.

आई बेळगावकडची. तिचं मराठी हेल काढून बोललेलं, दर वाक्याला ‘की’ लावलेलं. आमचं मराठी कन्नडात भिजलेलं, तरी अक्काला आपलंच शुद्ध वाटायचं. लग्नाला पंधरा वर्षं होऊनही आई घरात ‘गावाकडची’च होती. तिनं कपबशी कुठं ठेवली, फडकं कसं पिळलं, देवाचं तांब्याचं भांडं कशानं घासलं, सगळ्यावर अक्काची नजर. आई उलट बोलायची नाही. मला तिचा फार राग यायचा त्या वेळी. आता राग येतो, पण तिचा नाही, तिला गप्प बसवणाऱ्यांचा.

तर डॉक्टरांनी सांगितलं की अप्पांच्या यकृताचा तुकडा काढून मला लावायचा, आणि घरात दोन तट पडले. आई-अप्पा एका बाजूला. अप्पांच्या यकृतात चरबी निघाली होती, वजन उतरवल्याशिवाय ते चालणार नव्हतं. म्हणून ते रोज तळ्याभोवती चालायला जायचे आणि रविवारी आईला घेऊन लांब फेरी मारायचे. दुसऱ्या बाजूला अक्का एकटी. ती भांडली नाही. एकदाच म्हणाली, ‘याला मी हातावर वाढवलं. याचं पोट फाडायचं, हिचंही फाडायचं, आणि तेही आपल्या घरात औषध असताना?’ अप्पा म्हणाले, ‘अक्का, ही कावीळ ती नव्हे.’ अक्का म्हणाली, ‘सरी,’ आणि उठून गेली. तिचं ‘सरी’ म्हणजे ‘बरं, मान्य’ कधीच नसायचं. मी ते ओळखायला हवं होतं, पण मी बारा वर्षांची होते.

पुढच्याच रविवारी रांग संपल्यावर ती मागच्या खोलीत आली. आई-अप्पा फेरीला गेलेले. हातात चांदीची छोटी वाटी आणि कापसाची वात. ‘उमा, इकडे ये ग. स्वल्प डोकं मागे कर. हं, आता ओढ आत.’ मी ओढलं. नाकापासून टाळूपर्यंत कोणी निखारा ओढत नेल्यासारखं झालं, आणि घशातून काहीतरी कडूजहर छातीत उतरलं. मी खोकत, शिंकत, रडत होते आणि अक्का माझ्या पाठीवरून हात फिरवत होती, मायेनं, अगदी खऱ्या मायेनं. ‘झालं, झालं. सगळं पिवळं बाहेर पडेल. अप्पाला कापायला लागणार नाही. पण बोलायचं नाही हं. आईला पण नाही. बोललीस तर गुण जाईल, आणि मग अप्पाला काही झालं तर?’

बारा वर्षांच्या पोरीच्या गळ्यात हा धोंडा बांधून ती दुपारच्या जेवणाला लागली. मी तेव्हा तिच्यावर विश्वास ठेवला. का ठेवू नये? सगळं बंगळूर ठेवत होतं.

मंगळवार हॉस्पिटलचा. तिथं दोन गोष्टी व्हायच्या: रक्त काढायचं आणि फुंकायचं. रक्तातून इतर बऱ्याच गोष्टींबरोबर सीआरपी नावाचा एक आकडा निघायचा. आमच्या डॉक्टर मॅडमनी आई-अप्पांना तो इंग्रजीत समजावला, मग अप्पांनी आईला मराठीत: शरीरात कुठंही दाह सुरू झाला की हा आकडा चढतो, पण दाह कुठं आहे ते सांगत नाही. यकृत बदलल्यावर शरीराची लढायची ताकद औषधांनी मुद्दाम कमी करतात. अशा वेळी आत कुठं इन्फेक्शन लपलेलं असेल तर पोर हातची जाते. म्हणून आकडा खाली असल्याशिवाय ऑपरेशन नाही. फुंकण्याच्या खोलीत शिवप्पा नावाचा टेक्निशियन होता, के. आर. पुरमहून रोज दोन बस बदलून यायचा. तो माझ्या नाकाला चिमटा लावायचा, तोंडात पुठ्ठ्याची नळी द्यायचा आणि स्वतःच फुंकत असल्यासारखे गाल फुगवून ओरडायचा, ‘ऊदम्मा, जोरागि! इन्नू, इन्नू, इन्नू!’ फुंक ग बाई, जोरात, अजून, अजून. पडद्यावर एक रेघ डोंगरासारखी वर जायची आणि उतरायची. छाती इतकं लांबलचक ऑपरेशन सोसेल की नाही, ते त्या डोंगरावरून ठरायचं.

पहिल्या औषधानंतरच्या मंगळवारी आकडा चढला आणि डोंगर बसका झाला. ऑपरेशनची तारीख पुढे गेली. दुसऱ्या रविवारनंतर पुन्हा तेच. डॉक्टरांनी मला दाखल करून घेतलं, छातीचे फोटो काढले, लघवी तपासली, दात बघितले, पोटातलं पाणी सुईनं काढून तपासलं. इन्फेक्शन कुठंच सापडेना. नाकातून पाणी गळत होतं, थोडा खोकला होता, पण तो तर सर्दीतही असतो. आठ-दहा दिवस मी तिथं होते. मधला रविवार बिनऔषधाचा गेला आणि आकडा आपोआप खाली आला. घरी सोडलं. रविवार आला. मंगळवारी आकडा पुन्हा वर.

यातून शहाण्या माणसांनी काय निष्कर्ष काढावा? की घरात काहीतरी आहे. इथपर्यंत त्यांचं बरोबरच होतं. पण घरात काहीतरी आहे म्हणजे आईच्या हातून काहीतरी होतंय, ही पुढची उडी त्यांनी क्षणात मारली, आणि ती मारताना एकाचाही पाय अडखळला नाही. आहार सांगणाऱ्या बाईंनी आईला विचारलं, भाज्या कशा धुता? एका तरुण डॉक्टरनं विचारलं, नखं दाखवा. मॅडमनी विचारलं, घरात ओल आहे का, मांजर आहे का, बाहेरचं काही देता का? अप्पांना कोणी काही विचारलं नाही. अक्कालाही नाही, ती इस्त्रीची सुती साडी नेसून बाजूला बसलेली, नीटनेटकी, इंग्रजी बोलणारी. मॅडमनी तिच्याकडे बघितलं तेव्हा ती हलक्या आवाजात म्हणाली, ‘गावाकडच्या सवयी आहेत हो. एकच फडकं सगळीकडे. मी सांगून थकले.’

चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि चोरच साक्षीदार. मी तिथंच स्टुलावर बसले होते. माझ्या नाकाच्या आत खपली होती, घसा सोललेला होता, आणि मी गप्प होते. त्या गप्प बसण्याचा राग मला अक्काच्या रागापेक्षा कमी येत नाही. कोणी म्हणेल, तू लहान होतीस. होते. पण काय चाललंय ते मला समजत होतं.

त्या दिवसापासून आईनं घर धुवायला काढलं. पडदे उतरवले, गाद्या उन्हात टाकल्या, भिंतीच्या कोपऱ्यांना चुना लावला. फरशी दिवसातून चार वेळा, ब्लीचिंग पावडरनं. तिच्या बोटांची सालं निघाली, पेरांवर भेगा पडल्या. मावशी बेळगावहून फोन करायची तेव्हा आई सांगायची, ‘सगळं पुसलंय की ग. आणि काय करू? कुठनं येतंय कळंना झालंय.’ आणि मग एक दिवस तिनं मला हात लावायचं बंद केलं. घरातसुद्धा तोंडाला मास्क बांधून ती माझं ताट दारात ठेवायची आणि उंबऱ्याबाहेर बसून मी जेवते का ते बघायची. खाज सुटली की ती आधी माझ्या पाठीवर ओला पंचा फिरवायची. आता पंचा पिळून लांबून द्यायची. मी म्हटलं, आई, आत ये ना. ती म्हणाली, ‘नको बाळ. माझ्याच हाताचं काहीतरी होतंय वाटतं.’ एवढं बोलून ती स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून बराच वेळ हात धूत राहिली. तो नळाचा आवाज मला आजही ऐकवत नाही.

नंतरच्या मंगळवारी शिवप्पानं माझ्या नाकाला चिमटा लावला आणि मी किंचाळले. चिमटा काढला तर बोटाला रक्त. तो खाली वाकला, माझी हनुवटी धरून नाकात बघितलं आणि विचारलं, ‘मूगिगे एनायतु, पुट्टी?’ नाकाला काय झालं, बाळ?

इतक्या आठवड्यांत मला कोणी विचारलेला हा पहिला प्रश्न. एवढ्या तपासण्या झाल्या, एवढे मोठे डॉक्टर माझ्या डोक्यावरून एकमेकांशी बोलले. माझ्याबद्दल सगळ्यांनी सगळ्यांना विचारलं, मला कोणी विचारलं नाही. विचारलं ते फुंकायच्या मशीनवरच्या माणसानं. मी म्हटलं, सर्दी. त्यानं मान हलवली, पण त्याला ते पटलं नव्हतं हे दिसत होतं. चिमट्याऐवजी त्यानं स्वतःच्या दोन बोटांनी माझं नाक अलगद धरलं आणि ओरडला नाही. डोंगर त्या दिवशी टेकडीएवढाही झाला नाही.

मग आम्ही मॅडमच्या खोलीत गेलो. मॅडम, अप्पा, आई, अक्का आणि मी. मॅडमनी फाइल मिटली. त्या म्हणाल्या की आता वेळ फार नाही, यकृत थांबणार नाही; ही तारीख हुकली तर पुढची मिळेलच असं मी म्हणणार नाही. म्हणून माझी एक सूचना आहे. मुलीची देखभाल काही दिवस दुसऱ्या कोणाकडे द्या. आईनं घरापासून लांब राहावं. मिसेस अमुकना माहेरी किंवा नातेवाइकांकडे जाता येईल का? आणि त्यांनी अक्काकडे बघून विचारलं, ‘मॅडम, तुम्ही बघाल?’

अक्कानं होकार दिला.

अप्पा काहीतरी बोलणार होते, पण आईनं आधीच मान हलवली होती. ‘जाते की,’ ती म्हणाली. ‘मारतहळ्ळीला भाऊ आहे माझा. जाते तिथं. पोर बरी होऊ दे.’ तिनं पदरानं मास्क सारखा केला. तिच्या पेरांवरच्या भेगा मला दिसत होत्या. गुण जाऊ दे, म्हटलं, यकृत जाऊ दे, मी गेले तर गेले.

‘अक्का दर रविवारी माझ्या नाकात औषध घालते,’ मी म्हणाले. मराठीत म्हणाले, मग कन्नडात, मग माझ्या शाळेतल्या इंग्रजीत, म्हणजे कोणाचं राहून जायला नको. ‘मी ओढते. ते छातीत जातं. आईला माहीत नाही.’

मॅडम उठल्या, टॉर्च घेतला, माझं नाक बघितलं, घसा बघितला. मग त्यांनी शिवप्पाला फोन करून विचारलं. तो म्हणाला, हो, नाक आतून सोललेलं आहे. त्यांनी छाती पुन्हा स्कॅनला पाठवली आणि या वेळी औषधाचं पाणी उतरून आलेली सूज शोधायला सांगून पाठवली, आणि ती निघाली. मग त्या अक्कावर इंग्रजीत दहा मिनिटं बरसल्या. छातीत उतरलेलं ते पाणी, सुजलेल्या वाटा, वाया गेलेल्या तारखा, सगळं काढलं. अक्का ताठ बसून ऐकत होती. त्या मॅडमनी पुढे माझा जीव वाचवला, मी जन्मभर त्यांची ऋणी आहे. पण त्या दहा मिनिटांत, किंवा नंतरच्या इतक्या वर्षांत, त्यांनी माझ्या आईला ‘माझं चुकलं’ असं एकदाही म्हटलं नाही. आईला कधी त्याची आठवणही झाली नाही. मला आहे.

आणि आई? ती खुर्चीवरून उठून माझ्याजवळ आली, हात पुढे केला आणि मध्येच थांबला तो हात, सवय मोडल्यामुळे.

अक्काला माझ्या अंगाला बोट लावायची बंदी झाली. आयुष्यात पहिल्यांदा अप्पा तिच्याशी मोठ्यानं बोलले. पण तिचा रविवार चालूच राहिला. तो अंगणातला होता, घरातला नव्हता, असं तिचं म्हणणं. रविवारी मी मागच्या खोलीत, पडदा ओढलेला. शिंका सुरू झाल्या. मग एका पोराचं रडणं ऐकू आलं, चार-पाच वर्षांचं असेल, आणि त्याच्या आईचं कन्नडात समजावणं, की एकदाच रे, एकदाच. मी उठले. माझं पोट घागरीएवढं झालेलं, चालताना धाप लागायची. मी दार उघडून सरळ बाहेर व्हरांड्यात गेले आणि रांगेसमोर उभी राहिले.

मला काही बोलावं लागलं नाही. त्यांनी माझे डोळे बघितले. सगळ्यांना तोच रंग ओळखीचा होता, त्याच रंगासाठी तर ते आले होते. ‘मी या घरातली आहे,’ मी कन्नडात म्हणाले. ‘अक्का माझी आत्या. मीही हेच औषध घेतलं. आता मी दवाखान्यात जाते. तुम्हीही जा.’ त्या बाईनं पोराला कडेवर उचललं. तिनं पायरीवर ठेवलेला नारळ परत घेतला, आणि मग दुसऱ्यानं घेतला. काही जण तसेच उभे राहिले, खोटं कशाला सांगू. एक म्हातारा तर म्हणाला की पोरीचं नशीब वाईट, औषधाचा काय दोष. पण रांग मोडली ती मोडलीच. अक्का वाटी हातात धरून बसली होती. ‘घराण्याची अब्रू घालवलीस,’ ती म्हणाली. मी म्हटलं, ‘आईची घालवलीस तेव्हा तुला चाललं की.’ ते ‘की’ मी मुद्दाम लावलं.

दोनेक आठवड्यांत आकडा उतरला; अप्पांचं वजन आधीच उतरलं होतं. शिवप्पाचा डोंगर पुन्हा उभा राहिला आणि तो इतका ओरडला की शेजारच्या खोलीतून माणसं बघायला आली. ऑपरेशन झालं. अप्पा एका खोलीत, मी दुसऱ्या. त्या दिवसांचं मला फारसं आठवत नाही. नळ्या, टकटक आवाज, कोरडं तोंड, आणि श्वास ओढून तीन चेंडू वर उचलायचं एक प्लॅस्टिकचं खेळणं, फुप्फुसं उघडायला दिलेलं. एक मात्र लख्ख आठवतं. आई पहिल्यांदा आत आली ती गाऊन, टोपी, मास्क, हातमोजे, सगळं घालून, आणि पलंगापासून चार हात लांब उभी राहिली. नर्स म्हणाली, हात धुतलेत ना, मग जवळ जा. आई हलेना. मी बोलू शकत नव्हते. मी फक्त हात पुढे केला आणि तसाच ठेवला. शेवटी ती आली. हातमोज्यातला हात तिनं माझ्या गालावर ठेवला आणि संध्याकाळपर्यंत काढला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी रक्त काढलं. सीआरपी आदल्या दिवसापेक्षा खाली होता.

तो कागद मी मागून घेतला आणि घरी आणला. घरी आल्यावर, अप्पा पोटावर हात धरून आरामखुर्चीत बसलेले, अक्का समोर, मी कागद अक्काच्या हातात दिला आणि म्हटलं, ‘मोठ्यानं वाच.’ तिनं चष्मा लावला. एक्स्चेंजच्या त्या स्वच्छ आवाजात तारीख वाचली, आकडा वाचला, त्याच्या वरच्या ओळीतला आदल्या दिवसाचा आकडाही वाचला.

‘या दोन आकड्यांच्या मध्ये दिवसभर माझ्या अंगावर कोणाचा हात होता?’ मी विचारलं.

अक्कानं कागदाची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली.

‘तुझ्या आईचा,’ ती म्हणाली.

स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला, ‘पुरे की ग उमा आता. अक्का, या जेवायला, सारु निवायला लागलंय.’ आणि अक्का उठून जेवायला गेली, आईनं तिला वाढलं, आणि त्या दिवसापासून आईच्या मते ते प्रकरण पुरे झालं. मला ते अजूनही पुरे वाटत नाही.